पाकिटावरचा क्रमांक: तंबाखू सोडविणारी दूरध्वनी सेवा आणि निकोटिनचा च्युइंगम, १६ महिन्यांच्या अनुभवानंतर

सिगारेटच्या पाकिटावर धोक्याच्या चित्राबरोबर १८००-११-२३५६ हा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून छापला जातो, आणि रोज १४-१५ सिगारेटी ओढूनही पुढची सहा वर्षे तो माझ्या वाचनात आला नव्हता. आमच्या गावात सिगारेट पानठेल्यावर सुटी मिळते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि बिडी विकण्यास बंदी घातली असली, तरी पाकीट फोडून एकेक कांडी देण्याची रीत खेड्यापाड्यांत अजून चालूच आहे. त्यामुळे पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा ठेल्याच्या फळीवर राहतो आणि ओढणाऱ्याच्या हाती नुसती कांडी येते. ज्याच्यासाठी हा क्रमांक छापला आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नाही, म्हणून या सेवेविषयी सविस्तर लिहिण्याचे मी ठरविले.

वर्धा नदीच्या खोऱ्यातील एका गावात माझे कृषी सेवा केंद्र आहे. माझे वय ४७ असून सिगारेट २३ वर्षे माझ्याबरोबर होती. ऑगस्ट २०२४ मध्ये खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तेव्हा घरच्यांच्या आग्रहाखातर मी ग्रामीण रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घेतली. अहवालात क्षयरोग आढळला नाही. परंतु तेथील डॉक्टरांनी धूम्रपान करणाऱ्याला क्षयरोगाचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो हे मला शांतपणे समजावून सांगितले, आणि केसपेपरच्या मागील बाजूस वरचा क्रमांक लिहून दिला. तो कागद मी गल्ल्यात ठेवला आणि पाच दिवस त्याला हात लावला नाही.

त्याआधी मी तीन वेळा सिगारेट सोडली होती, आणि त्यांपैकी एक प्रयत्न येथे सांगणे आवश्यक आहे, कारण विदर्भातील बहुतेक माणसे त्याच वाटेने जातात. ‘भाऊ, खर्रा सुरू करा, सिगारेट आपोआप सुटते,’ असे मला ठेल्यावरच्या मंडळींनी सांगितले होते. सिगारेट खरोखर सुटली. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ती पुडी मी तीन महिने गालात धरली, आणि चौथ्या महिन्यात माझ्याकडे सिगारेट आणि खर्रा अशा दोन्ही सवयी होत्या. खर्ऱ्यातही तंबाखूच असतो, त्यातले निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतून रक्तात उतरते, आणि सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक मानली गेलेली आहे. तोंड हळूहळू आखडत जाऊन बोटभरही न उघडणारी माणसे आमच्या तालुक्यात प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. देशात २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर तंबाखू खाणाऱ्यांचे २४.४ टक्के आढळले होते. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाच्या अवतीभवती त्याला खर्ऱ्याकडे ओढणारे किती जण असतात, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात यावे.

मी पहिला फोन २१ ऑगस्ट २०२४ रोजी, बुधवारी दुपारी केला. घरात नेटवर्क धड मिळत नसल्याने पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबाखाली उभा राहून बोललो. ही सेवा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची असून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत ती २०१६ मध्ये सुरू झाली. पुढे मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आणि गुवाहाटीची बोरुआ कर्करोग संस्था यांच्याकडेही तिचा विस्तार झाला, त्यामुळे प्रादेशिक भाषांतून बोलण्याची सोय झाली. फोनला पैसे पडत नाहीत. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत ती चालते आणि सोमवारी बंद असते. भाषेसाठी मराठीचा पर्याय निवडल्यावर एका समुपदेशक बाईंशी माझे बोलणे झाले.

मला उपदेश ऐकावा लागेल अशी माझी समजूत होती, आणि त्याची उत्तरेही मी मनात जुळवून ठेवली होती. बाईंनी उपदेश केला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत लागते, ताप असताना, अंथरुणावर पडून असतानाही ओढता का, दिवसातली कोणती सिगारेट सोडणे सर्वांत जड जाईल, यापूर्वी किती वेळा सोडली आणि किती दिवसांनी पुन्हा धरली, असे ते प्रश्न होते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत जो पेटवतो त्याचे शरीर निकोटिनवर जास्त अवलंबून असते, हे मला त्या दिवशी कळले. मी तर दहा मिनिटांत पेटवीत असे. त्यानंतर त्यांनी विचारले, ‘सर, तुम्ही खर्रा किंवा आणखी काही घेता का?’ मुंबईकडे बसलेल्या माणसाच्या तोंडून खर्रा हा शब्द ऐकून मला बरे वाटले, कारण सिगारेटचे नाव घेऊन खर्रा लपविण्याची पळवाट तेथेच बंद झाली. या सेवेचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वैशिष्ट्य हेच आहे की ती सिगारेट, बिडी, खर्रा, गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची लुगदी) या सर्वांना एकाच व्यसनाची रूपे मानते आणि एकाच्या जागी दुसरे येऊ देत नाही.

पहिले संभाषण पाऊण तासाच्या आतबाहेर चालले असेल. त्यात सोडण्याचा दिवस ठरला, आणि तो दोन आठवड्यांच्या आतला असावा असे त्यांनी सुचविले. माझ्या धंद्यात दिवस निवडणे ही महत्त्वाची गोष्ट आहे. मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी दुकानात रांग लागते, दिवाळीनंतर उधारीची वसुली असते, आणि या दोन्ही काळांत माझ्या सिगारेटी दुपटीवर जात असत. भाद्रपदात, खत देऊन झालेले आणि फवारण्या चालू असलेल्या दिवसांत दुकान थोडे निवांत असते. त्या वर्षी पोळा २ सप्टेंबरला, सोमवारी होता. दुसरा दिवस मारबतीचा, म्हणजे पीडेचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळण्याचा. ‘ईडा, पीडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी आमच्याकडे त्या सकाळी गावभर घुमते. बाईंना मी हा दिवस सांगितला, आणि मारबत म्हणजे काय हे त्यांनी आस्थेने विचारून घेतले. तो मंगळवार असल्याने त्यांची सेवाही त्या दिवशी उघडी राहणार होती. ज्यांना हा मार्ग धरायचा असेल त्यांनी आपला पहिला दिवस मंगळवारी किंवा त्याच्या लगेच पुढे, मध्ये सोमवार येणार नाही असा ठरवावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत तलफ सर्वांत तीव्र असते आणि त्या काळात फोन लागणे फार उपयोगी पडते.

मधल्या १३ दिवसांत मला एक वही ठेवण्यास सांगण्यात आले. प्रत्येक सिगारेटची वेळ आणि त्या वेळी मी काय करीत होतो, एवढेच लिहायचे होते. वही भरल्यावर दिसले की १५ पैकी ६ सिगारेटी चहाला जोडलेल्या होत्या, दोन जेवणाला, एक सकाळच्या शौचाला, आणि तीन तर कोणी उधारी मागायला किंवा उधारीवर माल मागायला आला म्हणून पेटलेल्या होत्या. ज्यांना खरोखर तलफ म्हणावे अशा तीनच उरल्या. औषध त्या तिघींसाठी हवे होते आणि इतरांसाठी दिनक्रम बदलायला हवा होता, ही फोड या वहीशिवाय मला झाली नसती. चहाची जागा काही आठवडे ताकाने घेतली. शौचाच्या तक्रारीसाठी पहाटे कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढविली. निकोटिन बंद झाल्यावर बद्धकोष्ठ होते, ही बाब मला आधीच सांगून ठेवली होती म्हणून मी घाबरलो नाही.

आता च्युइंगमविषयी, कारण औषधाच्या दुकानात तो सहज मिळतो आणि त्याच्याबद्दल गैरसमजही तितकेच आहेत. पहिली पट्टी मी वही चालू असतानाच तालुक्याच्या ठिकाणच्या एका मेडिकलमधून आणली होती. ती देताना मला कोणी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला, तेव्हा पाच मिनिटांत उचकी लागली, छातीत जळजळ झाली, तोंडात मिरे फोडल्यासारखा तिखटपणा पसरला आणि मी तो थुंकून दिला. ‘हा काही कामाचा नाही’ असे सांगणारे जेवढे लोक मला भेटले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो असाच चावलेला होता.

योग्य रीत मला जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी तंबाखूमुक्ती केंद्रात समजली. फोनवरील सेवा औषध लिहून देत नाही. औषधाची गरज वाटल्यास ती डॉक्टरांकडे जाण्यास सांगते, आणि त्याप्रमाणे मी गेलो होतो. पहिल्या खेपेला तेथे संबंधित माणूस नसल्याने एसटीचे भाडे आणि दिवस वाया गेला, म्हणून आधी चौकशी करूनच जावे. दुसऱ्या खेपेला मात्र दंतवैद्य डॉक्टर भेटल्या. त्यांनी तोंडाची आतून तपासणी केली, एका लहान यंत्रात फुंकर मारायला लावली आणि श्वासातील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मला दाखविला. तो १८ होता. हा वायू जळत्या तंबाखूच्या धुरातून रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवितो; धूर थांबला की एक-दोन दिवसांत तो शरीरातून निघून जातो. तीन आठवड्यांनी मी पुन्हा फुंकलो, तेव्हा आकडा ३ वर आला होता. माझ्या छातीत नेमके काय बदलले हे मला दिसू शकत नव्हते, पण हा बदल मी डोळ्यांनी पाहिला, आणि पुढच्या अनेक संध्याकाळी तो मला आठवत राहिला.

त्यांनी सांगितलेली रीत अशी आहे. गम तोंडात टाकून सावकाश, थोडाच वेळ चावायचा. तिखट किंवा चुणचुणल्यासारखी चव आली की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा. मिनिटभराने चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या गालात ठेवायचा, आणि असे सुमारे अर्धा तास चालू द्यायचे. निकोटिन गालाच्या त्वचेतून रक्तात जाते; लाळेबरोबर पोटात गेले तर उपयोग होत नाही आणि जळजळ तेवढी होते. गम घेण्यापूर्वी १५ मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत असे काही घ्यायचे नाही, कारण आम्ल पेयांमुळे निकोटिन त्वचेतून शोषले जात नाही. दुकानात बसल्याबरोबर चहा मागविणाऱ्या आमच्यासारख्यांना हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते.

गम २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत येतो. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासात पेटविणाऱ्यांना मोठी मात्रा लागते, म्हणून मला ४ ची दिली गेली, आणि मी आधी आणलेली २ ची पट्टी नीट चावली असती तरी जवळजवळ निरुपयोगी का ठरली असती तेही उमगले. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग तीन आठवडे दोन ते चार तासांनी एक, आणि शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी एक, असा १२ आठवड्यांचा उतरता क्रम असतो. मी तो पाळला. फक्त शेवटच्या टप्प्यावर दोन आठवडे जास्त राहिलो. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, किंवा ज्यांची कवळी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम घेऊ नये. कवळीला तो चिकटतो. त्यांच्यासाठी त्वचेवर लावण्याच्या निकोटिनच्या चिकटपट्ट्या असतात, मात्र मी त्या वापरलेल्या नाहीत.

गमकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सिगारेटचा झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गमचे निकोटिन हळूहळू चढते आणि त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. त्यामुळे झुरक्यासारखे समाधान गम कधीच देत नाही. तलफेची धार बोथट होते, हात थरथरत नाहीत, माणसावर खेकसणे कमी होते, आणि या उसंतीत सवय मोडण्याचे काम आपल्याला करावे लागते. तलफ आल्यावर लगेच निर्णय न घेता पाच-दहा मिनिटे थांबावे, घोटघोट पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा आणि जागेवरून उठून दुसऱ्या कामाला लागावे, हा बाईंनी दिलेला क्रम गमइतकाच माझ्या उपयोगी पडला. तलफ ही कितीही तीव्र असली तरी काही मिनिटांत ओसरते, हे मला २३ वर्षांत एकदाही समजले नव्हते, कारण ती ओसरेपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.

येथे माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. मावा आणि तुडतुड्यांसाठी तंबाखूचा काढा फवारणे आमच्या आजोबांच्या पिढीला माहीत होते, आणि आज मी ज्या इमिडाक्लोप्रिडच्या बाटल्या विकतो ते कीटकनाशक ज्या गटात मोडते त्या गटाचे नावच निकोटिनवरून पडलेले आहे. किडीच्या मज्जासंस्थेतील ज्या जागी निकोटिन जाऊन बसते, त्याच जागी हे रसायन बसते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फवारताना बिडी ओढू नका, तंबाखू खाऊ नका, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, असे सांगत आलो. ते सांगताना माझ्या स्वतःच्या बोटांत पेटलेली सिगारेट असे. गिऱ्हाईक माझ्या हाताकडे पाहत असणार, ही जाणीव मला ती सोडल्यानंतरच झाली, आणि तिचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिले तीन दिवस कठीण गेले. झोप मोडत होती, डोके जड होते, आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांच्या गलक्यानेही मला राग येत होता. मारबतीच्या संध्याकाळीच फोन आला. मी केलेला नव्हता. त्यांनी केला होता. पुढे आठवड्याच्या आत एक, महिन्याने एक आणि त्यानंतर अंतर वाढवीत आणखी काही फोन आले. आपण विसरलो तरी समोरून आपली चौकशी होते, यामुळेच ही सेवा इतर उपायांहून वेगळी ठरते. अनोळखी क्रमांकावरून येणारे फोन फसवणुकीच्या भीतीने आमच्याकडे कोणी उचलत नाही, म्हणून पहिल्याच बोलण्यात पुढचा फोन साधारण कधी येईल ते विचारून वहीत लिहून ठेवावे. ज्यांना फोनवर मोकळेपणी बोलणे जमत नाही, त्यांच्यासाठी ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन संदेशांद्वारे मदत मिळविण्याची सरकारी सोयही आहे, परंतु संदेशाला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि माझे काम तर प्रश्नांनीच झाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी घसरलो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याहून बराच खाली होता. ज्यांनी पीक विकून उधारी चुकती करायची होती त्यांच्या हातात काही उरले नव्हते, आणि मला वरच्या विक्रेत्याचे पैसे द्यायचे होते. एका दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाशी बोलणे तुटेपर्यंत गेले. तो निघून गेल्यावर मी ठेल्यावर जाऊन एक सुटी सिगारेट घेतली आणि ओढली. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. तिसऱ्या दिवशी, आता सगळे वाया गेले असे मनात पक्के होण्याआधी, मी पुन्हा तो क्रमांक लावला.

बाईंनी दोष दिला नाही. आठ आठवड्यांत किती दिवस न ओढता गेले, ते त्यांनी माझ्याकडूनच मोजून घेतले. ते ५५ निघाले. मग कोणत्या क्षणी पाय ठेल्याकडे वळले ते विचारले आणि त्या क्षणासाठी काहीतरी नेमके ठरवू या, असे म्हणाल्या. वसुलीचे बोलणे सकाळी, गम घेतल्यानंतर आणि घरातील मंडळी दुकानात असताना करायचे, असे ठरले. हा उपाय फार साधा आहे, परंतु तो माझ्या दुकानासाठी शिवलेला होता. तीन सिगारेटींनंतर माणूस पुन्हा पहिल्यापासून ओढणारा होत नाही, जर त्याच आठवड्यात त्याला कोणी हात दिला तर. माझे आधीचे तिन्ही प्रयत्न अशाच पहिल्या घसरणीनंतर संपले होते, कारण तेव्हा मी ती घरी लपविली होती. त्यानंतर आजवर मी सिगारेट ओढलेली नाही आणि खर्राही खाल्लेला नाही.

पैशांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडतो. सिगारेटीवर माझे दिवसाला दीडशे रुपयांच्या आसपास जात होते, आणि पहिल्या सहा आठवड्यांत गमवर जवळजवळ तेवढेच गेले. मजुरी करणाऱ्या बिडीवाल्याला हा खर्च परवडणार नाही, कारण बिडीचा बंडल गमच्या एका पट्टीहून कितीतरी स्वस्त पडतो. निकोटिनची ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलेली आहेत. ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मोफत आणि नियमित मिळावीत, ही माझी कळकळीची मागणी आहे. तोपर्यंत बिडीवाल्याने निदान फोनची सेवा तरी वापरावी. तिला पैसा लागत नाही, आणि औषधाविना नुसत्या समुपदेशनानेही सोडण्याची शक्यता एकट्याने झगडण्यापेक्षा वाढते. दोन्ही बरोबर वापरले तर ती आणखी वाढते. माझे वजन चार किलोंनी वाढले, तेही नोंदवून ठेवतो. पुष्कळांचे असे वाढते आणि त्या भीतीने कोणी थांबू नये.

इतर उपायांपैकी दोनच मी जवळून पाहिले. आठवडी बाजारात ‘न कळत जेवणातून द्या, व्यसन सुटेल’ असे सांगून विकली जाणारी एक पुडी माझ्या मेहुण्यासाठी घरच्यांनी आणली होती. तिच्यावर घटकद्रव्ये लिहिलेली नव्हती, आणि ती खाऊन त्याला दोन दिवस उलट्या झाल्या. ज्या भुकटीत काय आहे ते विकणारा सांगत नाही, ती माणसाच्या ताटात न कळत घालणे हा गुन्ह्यासारखाच प्रकार आहे, असे माझे ठाम मत आहे. दुसरा उपाय पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने सुचविलेली ई-सिगारेट. तिच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे आणि चोरून मिळणाऱ्या वस्तूत काय भरले आहे याची कोणीच हमी देत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या मार्गदर्शनाखाली २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या अभियानात गावाने एकत्र येऊन दारू आणि तंबाखूची विक्री थांबविणे आणि व्यसनी माणसाला उपचार देणे ही दोन्ही कामे बरोबर चालतात. आमच्या बाजूला तशी व्यवस्था आली, तर पाण्याच्या टाकीजवळ एकट्याने उभे राहून फोन करण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही.

हा क्रमांक मी आता दुकानातील बियाण्यांच्या भावफलकाच्या खाली, खडूऐवजी रंगाने लिहून घेतला आहे. तो पाहून गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी विचारले की हा फक्त पुरुषांसाठी आहे का. त्या ३० वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू घासतात आणि त्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. मी फोन लावून दिला आणि बाहेर जाऊन थांबलो, कारण त्यांना माझ्यासमोर बोलणे अवघड जात होते. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘त्या बाईनं मले इचारलं, काकू, हे कोणी शिकवलं तुमाले? मी सांगितलं, सासूनं.’ त्यांनी संक्रांतीनंतरची कर, १५ जानेवारीचा गुरुवार, हा दिवस ठरविला आहे, आणि त्या दिवशी सकाळी येणारा फोन घेण्यासाठी त्या माझ्या दुकानात येऊन बसणार आहेत.